पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये देवनागरीबद्दलची माहिती नेमकी कुठे आणि कशी घालावी?

प्रश्न : खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. आमचे शेवटच्या वर्षाचे काही विद्यार्थी एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या आवक-नोंदी संगणकावर आणत आहेत. बोटीचे नाव, बंदर, मासळीचा प्रकार, वजन आणि लिलावातला दर अशा या नोंदी सगळ्या मराठीत आहेत. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात संस्थेतली माणसे थोडी मोकळी असतात, म्हणून तपासणीचे काम त्याच दिवसांत हाती घेतले होते.

बंदराच्या रकान्यात केवळ अक्षरे आहेत की चुकून आकडे आले आहेत, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली स्ट्रिंगची (म्हणजे मजकुराची) 'इजअल्फा' ही मेथड वापरली. सगळी चिन्हे अक्षरे नसतील तर ती 'फॉल्स' असे उत्तर देते. 'जयगड' बिनतक्रार पुढे गेले, मात्र 'दाभोळ' आणि 'हर्णे' या दोन्ही नावांना 'फॉल्स' असे उत्तर आले. मासळीची नावे वेगळी काढण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रात) 'शब्दातले चिन्ह' अशा अर्थाचे बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरले, तेव्हा 'बांगडा' या एका शब्दाचे 'ब' आणि 'गड' असे दोन तुकडे हाती आले, आणि 'पापलेट'चे तीन. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणपद्धतीत) स्वतंत्र चिन्हे आहेत व त्यांचा वर्ग 'अक्षर' असा नसून 'जोडचिन्ह' असा आहे, हे कारण शोधायला विद्यार्थ्यांना बराच वेळ लागला. 'जयगड'मध्ये असे एकही चिन्ह नाही, म्हणून ते सुटले.

माझा प्रश्न पायथन असे का वागते हा नाही. विद्यार्थ्यांनी अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून वाचले होते, आणि तरीही त्यांना उत्तर सापडले नाही, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तिथे लिहिलेले एकही वाक्य खोटे नाही. पण मराठी, हिंदी, बंगाली किंवा तमिळ मजकुरावर काम करणाऱ्याला ते वाचून पुढे काय होणार आहे याची कल्पना येत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी विद्यार्थ्यांनी स्टँडर्ड लायब्ररीच्या (पायथनसोबतच येणाऱ्या मॉड्यूलांच्या) डॉक्युमेंटेशनमध्ये बदल सुचवावा, असा माझा विचार आहे. तो बदल कोणत्या पानावर घालावा, ठळक चौकटीतली सूचना म्हणून घालावा की साध्या वाक्यात, आणि अशा सूचनेकडे 'एका लिपीपुरती अडचण' म्हणून दुर्लक्ष तर होणार नाही ना, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. माझ्या एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे आहे की इंग्रजी पानात एखादे वाक्य घालण्यापेक्षा संपूर्ण डॉक्युमेंटेशन मराठीत आणावे. त्यावरही मत कळवल्यास बरे होईल.

उत्तर १ : जांभाखडक (कुडाळ)

मॅडम, आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. बॅकस्लॅश-डब्ल्यूने मात्रा वगळाव्यात की नाही, हा भाषेच्या वर्तनाचा प्रश्न आहे आणि तो फार जुना आहे. युनिकोडच्या रेग्युलर एक्स्प्रेशनविषयक शिफारशीत शब्दाच्या घटकांमध्ये जोडचिन्हांचाही समावेश आहे, पायथनच्या 're' मॉड्यूलमध्ये तो नाही. हे बदलावे असे कोणी म्हणू शकेल, पण त्यामुळे जगभरातल्या चालू प्रोग्रामांचे उत्तर बदलेल, म्हणून तो वाद लांबत जाणारा आहे. डॉक्युमेंटेशनने आज जे घडते ते सांगायचे असते. विद्यार्थ्यांनी एकाच सूचनेत 'हे वर्तन चुकीचे आहे' आणि 'हे नीट लिहिलेले नाही' अशी दोन्ही विधाने केली, तर चर्चा पहिल्या विधानाभोवती फिरत राहील आणि दुसरे तसेच पडून राहील.

आता वाचकाला आज कोणत्या वाटेने जावे लागते ते पाहू. बॅकस्लॅश-डब्ल्यूच्या नोंदीत म्हटले आहे की त्यात युनिकोडमधली सर्व अक्षरे व अंक येतात आणि त्यांची व्याख्या 'इजअल्नम' या मेथडप्रमाणे आहे. 'इजअल्नम'च्या नोंदीत गेल्यावर ती 'इजअल्फा'कडे आणि अंकांच्या तीन मेथडांकडे बोट दाखवते. 'इजअल्फा'च्या नोंदीत युनिकोडचे पाच प्रवर्ग त्यांच्या दोन-दोन अक्षरी संक्षेपांनी दिले आहेत आणि हे प्रवर्ग युनिकोडच्या 'अल्फाबेटिक' या गुणधर्माहून वेगळे आहेत, अशी टीपही आहे. इतके वाचूनही देवनागरीची मात्रा या पाचांत बसत नाही हे कळायला ती जोडचिन्हांच्या 'एम-सी' किंवा 'एम-एन' या प्रवर्गात असते हे आधीच ठाऊक असावे लागते. ज्याला ते ठाऊक आहे त्याला या पानाची गरजच नसते.

म्हणून माझे मत असे की बदल लहान असावा आणि वाचक जिथे पहिल्यांदा येतो तिथेच असावा. 'जोडचिन्हे अक्षरांत मोजली जात नाहीत, त्यामुळे देवनागरीसारख्या लिप्यांतील बहुतेक शब्दांसाठी उत्तर फॉल्स येते' एवढ्या अर्थाचे एक वाक्य 'इजअल्फा'च्या नोंदीत पुरेसे आहे. ठळक चौकट टाळावी. पायथनच्या लेखनशैलीच्या मार्गदर्शिकेत नेमके हेच सांगितले आहे की इशाऱ्यांचा भडिमार करू नये, गोष्ट काय करते ते होकारार्थी भाषेत सांगावे आणि अधिक मजकूर म्हणजे अधिक चांगले डॉक्युमेंटेशन असे समजू नये.

कामाची पद्धत सांगायची तर, डॉक्युमेंटेशनच्या मूळ फायली पायथनच्या सोर्स कोडसोबतच 'डॉक' नावाच्या फोल्डरमध्ये असतात आणि हे सगळे २०१७ पासून गिटहब या सोर्स कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहे. फायली रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मांडणीत आहेत व त्यांतून स्फिंक्स हे साधन वेबपाने तयार करते. स्फिंक्स मुळात पायथनच्या डॉक्युमेंटेशनसाठीच लिहिले गेले, आणि २००८ साली आलेल्या २.६ या आवृत्तीपासून ते वापरात आहे. त्याआधी सगळे लाटेक या मजकूर-मांडणीच्या भाषेत होते आणि एक वाक्य सुधारायलाही ते शिकावे लागे. आता विद्यार्थ्यांना आपल्या संगणकावर पाने तयार करून पाहता येतात, आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवल्यावर बदललेले पान कसे दिसेल याची झलकही आपोआप मिळते. पहिल्या वेळी योगदानाच्या करारावर संमती द्यावी लागते. ती प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या नावे द्यावी, महाविद्यालयाच्या एका सामायिक खात्यावरून सगळे पाठवू नये.

उत्तर २ : सुरंगी (वेंगुर्ला)

जांभाखडक यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, परंतु वाक्य 'इजअल्फा'च्या नोंदीत घालण्याबाबत माझा आक्षेप आहे.

संदर्भाचे पान हे शोधून वाचायचे पान असते. देवनागरीसाठी एक वाक्य घातले की थाई, अरबी, तमिळ आणि खमेर यांच्यासाठीही तसेच घालावे लागेल, आणि मग एका ओळीच्या मेथडखाली दहा ओळींच्या टिपा साचतील. संदर्भ, शिकवणी, कृतिमार्गदर्शन आणि स्पष्टीकरण हे चार प्रकार एकमेकांत मिसळू नयेत, ही डॅनिएल प्रोसिडा यांनी मांडलेली विभागणी पायथनच्या डॉक्युमेंटेशनवर काम करणारी मंडळीही गांभीर्याने घेतात. आपली अडचण 'लिपी कशी बनते' या स्पष्टीकरणाची आहे, आणि त्यासाठी युनिकोडवरचे स्वतंत्र मार्गदर्शक प्रकरण आधीपासून आहे.

त्या प्रकरणात युनिकोड आणि रेग्युलर एक्स्प्रेशन यांविषयीचा एक भाग आहे. तिथे अंकांसाठीचे बॅकस्लॅश-डी हे थाई अंकांनाही जुळते, असे उदाहरण देऊन दाखवले आहे. त्याच्याच खाली बॅकस्लॅश-डब्ल्यूबद्दल म्हटले आहे की ते युनिकोडमधल्या नाना प्रकारच्या चिन्हांना जुळते. आमच्यासारखा वाचक थाई अंकांचे उदाहरण पाहतो, पुढचे वाक्य वाचतो आणि आपल्या लिपीचे शब्दही तसेच जुळतील असे गृहीत धरतो. वाक्य खरे आहे, पण शेजारच्या उदाहरणामुळे त्याचा अर्थ फुगतो. माझ्या मते दुरुस्तीची खरी जागा हीच. तिथे एखादे उदाहरण घातले तर संदर्भाच्या पानावर केवळ दुवा द्यावा लागेल.

दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषांमध्ये हे कसे हाताळले आहे तेही विद्यार्थ्यांनी पाहावे. रस्ट भाषेत 'इज-अल्फाबेटिक' हे फंक्शन युनिकोडच्या 'अल्फाबेटिक' गुणधर्मावर चालते. त्यात काना, मात्रा, अनुस्वार येतात, पण हलन्त येत नाही. म्हणजे 'दाभोळ' नावातले प्रत्येक चिन्ह तिथे उत्तीर्ण होईल आणि 'हर्णे' मात्र अडेल. यावरून इतके लक्षात यावे की 'हा मराठी शब्द आहे का' या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कोणतेच तयार फंक्शन देत नाही, आणि डॉक्युमेंटेशनने तसा भासही निर्माण करू नये.

रस्टची आणखी एक सवय घेण्याजोगी आहे. डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणे तिथे चाचण्यांसोबत चालवून पाहिली जातात. गो भाषेतही उदाहरणाखाली अपेक्षित उत्तर लिहून ते तपासता येते. पायथनमध्ये अशी उदाहरणे चालवून तपासणारे 'डॉकटेस्ट' हे मॉड्यूल २.१ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांचे उदाहरण कायम खरे राहील अशी व्यवस्था करणे कठीण नाही. चाचणीत न बसणारे उदाहरण काही वर्षांनी खोटे ठरले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

उत्तर ३ : निवतीचा दीप (मालवण)

दोन्ही बाजू वाचल्या. मी निर्णय देत नाही, पण बदल सुचवण्यापूर्वी कोणत्या अडचणीला खरोखर नव्या मजकुराची गरज आहे आणि कोणती आधीच लिहिलेली आहे, याची छाननी विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. मराठी नोंदींवर काम करताना येणाऱ्या अडचणी याहून अधिक असतात, आणि त्या सगळ्या एकाच गठ्ठ्यात पाठवल्या तर तपासणारा कंटाळेल.

अंकांचेच घ्या. वजनाच्या रकान्यात कोणी '१२.५' असे देवनागरीत लिहिले तरी पायथनचे 'फ्लोट' ते बिनबोभाट वाचते, आणि 'इंट'ही '१२३' स्वीकारते. हे अंकांच्या प्रकारांवरील पानात स्पष्ट लिहिलेले आहे. तिथे काही करायला नको.

क्रम लावण्याचा प्रश्न वेगळा आहे. साध्या 'सॉर्टेड'ने गावांची यादी लावली की माळगाव हे मावळंग्याच्या आधी येते, कारण युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'ला लागून बसवला आहे आणि आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो. याबद्दल क्रमवारीच्या मार्गदर्शक प्रकरणात भाषा व प्रदेशानुसार क्रम लावणाऱ्या 'लोकेल' मॉड्यूलकडे जाण्याचा सल्ला दिलेला आहे. त्यासाठी त्या संगणकावर मराठीचे लोकेल बसवलेले असावे लागते, हे मात्र नवख्याला पटकन उमगत नाही. तरीही हे वाक्य मी दुसऱ्या फेरीसाठी ठेवीन.

सर्वांत फसवे प्रकरण 'वाऱ्याचा वेग' यातल्या 'ऱ्या'चे आहे. नुक्तावाला (खाली टिंब असलेला) 'ऱ' युनिकोडमध्ये एक चिन्ह म्हणूनही लिहिता येतो आणि 'र' अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण पायथनमध्ये त्यांची तुलना केली तर उत्तर 'फॉल्स' येते. 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधले 'नॉर्मलाइझ' वापरले की हे दोन प्रकार एक होतात, आणि युनिकोडच्या प्रकरणात फ्रेंच अक्षराचे उदाहरण घेऊन हेच समजावले आहे. मात्र जुन्या कळफलकांवरून 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडक चिन्ह अशा तिसऱ्या पद्धतीनेही हाच आकार काढला जातो, आणि तो 'नॉर्मलाइझ'ने एक होत नाही. संस्थेच्या जुन्या फायली असतील तर हा तिसरा प्रकार त्यांत हमखास सापडेल. पण तो मराठीच्या लेखनपद्धतीचा भाग आहे, पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीचा नाही, म्हणून त्याची जागा आपल्या स्वतःच्या प्रकल्पाच्या टिपणात.

अशी चाळणी लावल्यावर माझ्या मते एकच अडचण उरते जिच्याबद्दल डॉक्युमेंटेशन गप्प आहे, आणि ती आपल्या मूळ प्रश्नातलीच आहे.

तोवर काम अडू नये म्हणून सांगतो. शब्द वेगळे काढायला बॅकस्लॅश-डब्ल्यूऐवजी युनिकोडमधला देवनागरीचा संपूर्ण पट्टा चौकटी कंसात द्यावा. त्या पट्ट्यात दंड आणि देवनागरी अंकही येतात व वर सांगितलेले न दिसणारे जोडक चिन्ह येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. 'रेजेक्स' नावाचे बाहेरचे मॉड्यूल वापरले तर त्याच्या बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये मात्रा धरल्या जातात. आणि फाइल उघडताना एन्कोडिंग (चिन्हे फाइलमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ असे स्वतः लिहावे. महाविद्यालयांतल्या बऱ्याच विंडोज संगणकांवर मूळ एन्कोडिंग दुसरेच असते आणि मराठी मजकूर लिहिताना तिथेच प्रोग्राम थांबतो.

खाडीकाठ (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. विद्यार्थ्यांसोबत बसून तिन्ही उत्तरे वाचली. सुरंगी ताईंनी दाखवलेला थाई अंकांचा परिच्छेद पाहून एक विद्यार्थिनी म्हणाली की आपण हेच वाचून पुढे गेलो होतो. त्यामुळे पहिला बदल तिथेच सुचवावा असे आम्ही ठरवले आहे.

कच्च्या मसुद्याचा आशय असा आहे : 'अनेक लिप्यांमध्ये स्वर व्यंजनाला जोडचिन्हांच्या रूपाने लागतात. बॅकस्लॅश-डब्ल्यू अशा चिन्हांना जुळत नाही, म्हणून या लिप्यांतील एक शब्द अनेक तुकड्यांत मिळू शकतो.' यापुढे 'बांगडा' हे उदाहरण आणि त्याचे दोन तुकडे. यात 'अनेक लिप्या' असे म्हटल्यामुळे प्रत्येक लिपीची वेगळी टीप करावी लागणार नाही, असे वाटते. उदाहरण देवनागरीतच ठेवावे का, याबद्दल शंका आहे. शिवाय विद्यार्थ्यांचे इंग्रजी जेमतेम आहे. मसुदा कोणाकडून तरी सुधारून घेऊन मगच पाठवावा का?

उत्तर ४ : जांभाखडक (कुडाळ)

मसुदा चांगला आहे, आणि जागेच्या बाबतीत सुरंगी यांचे म्हणणे मला पटले. संदर्भाच्या पानावर दुवा पुरेसा होईल.

उदाहरण देवनागरीत ठेवायला हरकत नाही, पण तपासणारा माणूस ही लिपी वाचू शकणार नाही हे गृहीत धरावे. 'ब' आणि 'गड' हे तुकडे पाहून त्याला काय गळले ते कळणार नाही. त्यासाठी 'युनिकोडडेटा'च्या 'कॅटेगरी' फंक्शनने त्या शब्दातल्या सहाही चिन्हांचे प्रवर्ग छापून दाखवावेत. कोणती चिन्हे अक्षरे नाहीत ते लिपी न वाचताही ताडून पाहता येईल. 'बांगडा'मध्ये काना आणि अनुस्वार हे दोन्ही प्रवर्ग येतात, म्हणून निवड उत्तम आहे. हे प्रवर्ग पुल रिक्वेस्टच्या वर्णनात द्यावेत, पानावर उदाहरण आटोपशीरच राहू द्यावे.

इंग्रजीची चिंता करू नये. छोटी, वर्तमानकाळातली वाक्ये लिहिली की झाले. आलंकारिक इंग्रजी तिथे कापलेच जाते. वर्णनात मात्र एक गोष्ट अवश्य लिहावी, ती म्हणजे विद्यार्थ्यांनी उत्तर शोधताना कोणती पाने कोणत्या क्रमाने उघडली आणि कुठे थांबले. डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्याला सगळे आधीच ठाऊक असते, त्यामुळे वाचक कुठे वळण चुकतो हे त्याला स्वतःहून दिसत नाही. असा तपशील देणारी सूचना क्वचित येते आणि ती वाचली जाते.

भाषांतराविषयी आपल्या सहकाऱ्यांना सांगावे की त्यासाठी २०१७ पासून ठरलेली पद्धत आहे. ती पेप ५४५ या प्रस्तावात मांडली आहे, आणि जपानी, फ्रेंच व कोरियन भाषांतरे त्यानुसार चालतात. एखादी भाषा पानावरच्या भाषानिवडीत येण्यापूर्वी संपूर्ण शिकवणी, त्रुटी कळवण्याचे पान आणि अंगभूत फंक्शनांचे पान एवढे तरी पूर्ण व्हावे लागते. हे काम वर्षानुवर्षे सांभाळणारी माणसे मिळाली तरच हाती घ्यावे. दर जूनला नवी तुकडी येणाऱ्या वर्गावर ते सोपवू नये.

उत्तर ५ : सुरंगी (वेंगुर्ला)

एक बारीक सूचना. 'तुकड्यांत मिळू शकतो' याऐवजी 'मिळतो' असेच लिहावे. जोडचिन्ह मध्ये असले की तुकडे होतातच, त्यात शक्यता नाही. 'अनेक लिप्या' म्हणताना कंसात देवनागरी आणि थाई अशी दोन नावे द्यावीत. थाईमध्येही काही स्वरचिन्हे आणि स्वराघाताची चिन्हे याच प्रवर्गात मोडतात, आणि तो परिच्छेद थाई अंकांनी सुरू होत असल्यामुळे वाक्य तिथे उपरे वाटणार नाही.

पाठवण्यापूर्वी विकासाधीन आवृत्तीचे पान एकदा उघडून पाहावे. स्ट्रिंगच्या मेथडांना उदाहरणे जोडण्याचे काम अलीकडे इतरही लोक करत आहेत, तेव्हा दुवा देण्याची ओळ त्यांच्या बदलाशी जुळवून घ्यावी लागेल. बदल मुख्य शाखेवरच सुचवावा. दुरुस्त्या चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तो नेण्याचे काम पायथनची मंडळी लेबल लावून स्वतः करून घेतात.